ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही

माझ्याविषयी मीच बोलावं, हे मला पसंत नाही. पण इतकी वर्षं वाट पाहूनही दुसरं कोणी बोललेलं नाही, त्यामुळे नाइलाज आहे.

मी श्रीनिवास उकिडवे, संगणक-गुप्तहेर. त्याआधी बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक. पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी नुसत्या वासावरून पकडलेली आहे. आतून पोखरलेलं एक किलोचं वजन डोळे मिटून, डाव्या हाताने ओळखलेलं आहे. दुकानदार मला पाहून थरथरत. काही जण हसतही, पण ते भीतीपोटी. निवृत्त झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की लबाडी आता तराजूत उरलेली नाही, ती संगणकात शिरली आहे. मग मी तीन आठवड्यांचा संगणक-परिचय वर्ग केला आणि त्यात पहिला आलो. वर्गात आम्ही दोघेच होतो आणि दुसऱ्याने चौथ्या दिवशी नाव काढून घेतलं, हा तपशील इथे गैरलागू आहे.

माझी साहाय्यक म्हणजे माझी पुतणी वैष्णवी. ती हिंजवडीला एका कंपनीत माणसं नोकरीवर घेण्याच्या आणि काढण्याच्या विभागात आहे. तिच्याकडे स्कूटर आहे, ही साहाय्यक म्हणून तिची मुख्य पात्रता. ती फावल्या वेळात संगणकावर गेम खेळते, पण त्याला मी अनुभव म्हणत नाही. निरीक्षणशक्ती तिच्यात मुळीच नाही. "काका, हेल्मेट उलटं घातलंय," एवढंच तिचं आजवरचं निरीक्षण.

तर नदीकाठी सकाळी फिरताना माझी सुखदेव बराटे यांच्याशी ओळख झाली. कर्वेनगरच्या जुन्या गावठाणातले गृहस्थ, पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, एकतीस वर्षं ड्रायव्हर. आता तिथेच एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात. सोमवारी ते माझ्या बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही कम्पुटरचं बघता म्हनं. आमची बस रोज नळ स्टॉपला बंद पडती."

"त्यात रहस्य काय? त्या चौकात सगळ्यांचीच गाडी बंद पडते."

"कम्पुटरातली बस."

त्यांचा मुलगा समर्थ गेल्या वर्षी नोकरीसाठी परदेशी गेला. जाताना आपला भला थोरला संगणक, खेळायचं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडल वडिलांना देऊन गेला. त्यात बस चालवायचा एक गेम आहे. पुण्यातल्याच कुणा हौशी पोरांनी वीस वर्षांपूर्वीचे रस्ते त्यात जसेच्या तसे बसवले आहेत. लाल बस, मेट्रो नाही, उड्डाणपूल नाही. सुखदेवराव रोज कोथरूड डेपोतून गाडी काढायचे आणि वीसेक मिनिटांनी नळ स्टॉपला पोचले, की पडद्यावरचे रंग फिसकटायचे, झाडं आडवी व्हायची, पडदा काळा पडायचा आणि गेम बंद.

"मुलाला विचारलंत?"

"विचारलं." ते नदीकडे बघू लागले. "म्हनला, बाबा, ड्रायव्हर जुना झाला आसंल. पुन्हा न्हाई विचारलं."

मी वहीत लिहिलं : मुलगा परखड.

खरी गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत त्यांना नापास केलं आणि स्टिअरिंगवरून उठवून डेपोच्या कचेरीत बसवलं. एका मंगळवारची सकाळची फेरी झाली आणि दुपारी चिठ्ठी आली. सकाळची फेरी शेवटची होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचे कंडक्टर दत्तोबा, त्यांच्या तोंडी 'मास्तर', एकोणीस वर्षं त्यांच्याच गाडीवर होते. आता दत्तोबांची नजर पार गेली आहे. ते नागपूरला लेकीकडे कायमचे चालले आहेत आणि जाताना एक रविवार इथे थांबणार आहेत.

"मास्तरला सांगितलंय, ऱ्हायलेली फेरी करू. डेपो ते कात्रज. डबल बेल तू द्यायची. आनि गाडी नळ स्टॉपला बंद पडली, तर काय सांगू त्याला?"

मी वहीत लिहिलं : मुदत, रविवार दुपारी चार.

मंगळवारी आम्ही तपासाला गेलो. मी बेल दाबली आणि खिशातलं स्टॉपवॉच सुरू केलं. ही खात्यातली सवय. आत लगबगीची पावलं ऐकू आली, मग सरसर असा आवाज, मग पुन्हा पावलं. दार उघडायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. दारात सुखदेवरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई होत्या आणि त्यांना किंचित धाप लागली होती.

मी वैष्णवीच्या कानात म्हणालो, "आत काहीतरी लपवलं गेलंय."

"काका, त्या पोळ्या करत असतील."

घरात शिरताच माझ्या नजरेने टिपलं, की इथे प्रत्येक वस्तूला कव्हर आहे. मिक्सरला होतं, टीव्हीला होतं, फ्रिजच्या मुठीला होतं. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीला रबरबँड होतं. गॅसच्या सिलिंडरला झालरीचा परकर शिवलेला होता. सगळं वहिनींच्या हातचं. आख्ख्या घरात उघडी असलेली वस्तू एकच, ती म्हणजे संगणकाची पेटी. मी लगेच ताडलं. ज्या बाईने सिलिंडरलाही उघडं ठेवलं नाही, तिने संगणक उघडा ठेवला, याचा अर्थ तिचा त्याच्यावर राग आहे.

वहिनींनी मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि तिच्यावर जाडसर खाकी कापडाची घडी टाकली. बसलो तर घडी चांगली उबदार. मी वहीत नोंद केली : आसन उबदार, आदरातिथ्य उत्तम.

सुखदेवरावांनी गाडी काढली. मी त्यांच्या मागे प्रवाशासारखा बसलो. कर्वे पुतळा आला, गेला. नळ स्टॉप आला आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. काही झालं नाही. आम्ही आरामात डेक्कनला पोचलो. तेवढ्यात वैष्णवीने पडद्याच्या कोपऱ्यात काही आकडे आणले होते.

"टेम्परेचर बघत होते. ग्राफिक्स कार्ड एकसष्टवर आहे."

"एकसष्ट?" मी उभाच राहिलो. "माणूस एव्हाना गेला असता."

"कार्डाला नॉर्मल आहे, काका. गरम वगैरे होत नाहीये."

मी वहीत लिहिलं : उष्णता निर्दोष. आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. एकदा दोन रेघा ओढल्या, की मी त्या मुद्द्याकडे परत वळत नाही.

"पुढे घ्या की गाडी," मी म्हणालो.

"न्हाई साहेब. डेक्कनपतुर ट्रायल. कात्रजला मास्तरशिवाय न्यायची न्हाई."

आम्ही चहा घेऊन निघालो. स्कूटर कोथरूडला पोचते न पोचते तोच सुखदेवरावांचा फोन आला. आम्ही गेल्यावर त्यांनी पुन्हा गाडी काढली होती आणि ती नळ स्टॉपला बंद पडली होती.

यावरून पहिला निष्कर्ष उघड होता. माझ्या उपस्थितीत संगणक गुन्हा करायला घाबरतो. पण प्रश्न नळ स्टॉपचाच का, हा उरला. मी बुधवारी स्वतः नळ स्टॉपला जाऊन दीड तास उभा राहिलो. बावन्न बस मोजल्या. एकीचेही रंग फिसकटले नाहीत. एका ट्रॅफिक हवालदाराने मात्र "आजोबा, रस्ता ओलांडायचाय का?" असं विचारून मला दोनदा पलीकडे नेलं.

दुसरा निष्कर्ष विजेचा. सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला, की दाब कमी होत असणार. मी गुरुवारी वॉचमनला माझं निवृत्तीचं ओळखपत्र दाखवून पंप बंद ठेवायला लावला. तरीही आम्ही परतल्यावर गाडी नळ स्टॉपला बंद पडली, आणि आता नळही. शुक्रवारी खालच्या फळ्यावर सूचना होती :

"काल पाणी आले नाही. कारण कार्यालयात विचारू नये. बी-४ मध्ये कोथरूडहून एक पाहुणे येतात, त्यांना विचारावे. ते सर्वज्ञ आहेत."

वैष्णवीने सूचनेचा फोटो काढला. माझ्या गौरवाचे पुरावे ती सहसा जपून ठेवत नाही, त्यामुळे मला बरं वाटलं.

तिसरा निष्कर्ष मी मनात पहिल्या दिवसापासून घोळवत होतो. मी येतो तेव्हा दार उशिरा उघडतं. मंगळवारी एक मिनिट चाळीस, गुरुवारी एक मिनिट छत्तीस, शुक्रवारी एक पंचेचाळीस. म्हणजे वहिनी काहीतरी लपवतात. मी नसताना संगणक बिघडतो. म्हणजे मी नसताना वहिनी संगणकाला काहीतरी करतात. सुखदेवराव दूध आणायला गेलेले पाहून मी त्यांना थेट विचारलं.

"वहिनी, आपण या संगणकावर चोरून पत्ते खेळता का?"

वहिनी लसूण सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वैष्णवीकडे बघितलं.

"यांना जेवायला वेळेवर मिळतं ना ग?"

"मिळतं काकू. तरीही हे असं आहे."

"आपला त्याच्यावर राग आहे," मी सोडलं नाही.

"राग कशापायी? रिटायर झाल्यावर दोन वर्षं हा मानूस भिताडाकडं तोंड करून बसायचा. समर्थ पेटी ठिवून गेला आनि हा पुन्हा बोलायला लागला. ती पेटी मी लेकरागत जपती, भाऊ. रस्ता खोदून ठिवलाय म्होरं. धुळीचा कन लागू देत न्हाई तिला."

"लागू देत नाही म्हणजे नेमकं काय करता?" असं कोणत्याही सामान्य गुप्तहेराने विचारलं असतं. मी सामान्य नव्हे. मी लिहिलं : आरोपी भावनांचा आधार घेते. आणि उबदार घडीवर जरा सरकून बसलो.

शनिवारी मला अखेर धागा मिळाला. गेम बंद पडताना जो संदेश येतो, तो सुखदेवरावांनी माझ्या सांगण्यावरून कागदावर उतरवून ठेवला होता. समर्थने आईवडिलांसाठी संगणक मराठीत करून दिला होता, त्यामुळे संदेशही मराठीत होता. सुखदेवरावांचं अक्षर मोठं आणि सरळ. 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आहे.' तो एकच कागद नव्हता. रोजचा एक असे पाच कागद होते, आणि पाचही त्यांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवले होते.

संगणकात ड्रायव्हर नावाची एक व्यवस्था असते, जी चित्रं उमटवणाऱ्या कार्डाला चालवते. हे वर्गात शिकवलं होतं. वैष्णवीने तपासून सांगितलं, की इथला ड्रायव्हर तीन वर्षांपूर्वीचा आहे. मला आणखी काय हवं होतं? मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि माझा लेखी अहवाल सुखदेवराव आणि वहिनी यांच्यासमोर वाचून दाखवला.

"सदर प्रकरणी संपूर्ण दोष ड्रायव्हरचा आहे. ड्रायव्हर जुना झाला असून कालबाह्य आहे. तो वेळेवर प्रतिसाद देत नाही. गाडीत कोणताही दोष नाही. ड्रायव्हर ताबडतोब काढून टाकून त्या जागी नवा बसवावा, अशी शिफारस आहे."

वहिनींनी मान खाली घातली. मला वाटलं, भाषेचा प्रभाव. सुखदेवराव स्टिअरिंगकडे बघत होते. मग त्यांनी त्याची वायर काढली, ती नीट गुंडाळली आणि स्टिअरिंग त्याच्या खोक्यात ठेवलं.

"आता लगेच नवा ड्रायव्हर बसवू का?" वैष्णवीने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "साहेब बरोबर बोलले. तपासनीवाल्या डॉक्टरनं बी आसंच लिव्हलं हुतं."

डहाणूकर कॉलनीपर्यंत वैष्णवीने स्कूटर नेहमीपेक्षा जोरात चालवली. मग तिने स्कूटर बाजूला घेतली आणि हेल्मेट काढलं.

"काका, त्यांना काय कळलं, ते तुम्हाला कळलं का?"

"काय कळलं?"

"ते एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांना कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर माहीतच नाही. रोज तो पडदा त्यांनाच म्हणतोय, की तुम्ही प्रतिसाद देत नाही. मुलगा म्हणाला, ड्रायव्हर जुना झाला. आणि आज तुम्ही त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोसमोर उभं राहून वाचलंत, की त्यांना काढून टाका. मी लोकांना नोकरीवरून काढते, काका. आम्हीसुद्धा इतकं वाईट लिहीत नाही."

मी फुटपाथवर बसलो. बत्तीस वर्षांत मी पुष्कळांची वजनं जप्त केली, पण कोणाचं तोंड असं उतरलेलं मला आठवत नाही. किंवा तेव्हा मी बघितलंच नसेल. मला स्वतःची लाज वाटली, अगदी कानांपर्यंत. मी लगेच फोन लावला. वहिनींनी घेतला. "ते झोपल्यात," त्या म्हणाल्या. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

"फोनवर नको," वैष्णवी म्हणाली. "उद्या जाऊन समोर सांगायचं. आणि मी बोलणार, तुम्ही नाही."

रविवारी चारला दहा मिनिटं असताना मी बेल दाबली. दार चार सेकंदांत उघडलं. आज लपवायला काही नव्हतं, असा माझा ग्रह झाला.

दत्तोबा आलेले होते. शिडशिडीत, पांढरी टोपी, काळा चष्मा. सोफ्याच्या कडेला ताठ बसले होते आणि हातात तिकिटाला भोकं पाडायचा जुना पंच होता. तो खिडकीच्या गजावर वाजवून ते बेल देणार होते. सुखदेवरावांनी स्टिअरिंग खोक्यातून काढून पुन्हा जोडलं होतं. दत्तोबांपुढे त्यांना नाही म्हणवलं नसणार. चेहरा मात्र कालचाच होता. वैष्णवी बोलायला पुढे झाली, पण त्यांनी हातानेच 'बसा' अशी खूण केली.

संगणकाच्या पेटीवर आज नवंकोरं आवरण होतं. वहिनींनी आठवडाभर शिवलेलं, चार पदरी गोधडीचं, चारी बाजूंनी झालर आणि मागे वायरींसाठी काजाचं भोक. मी मनात म्हटलं, चला, वहिनींचा राग गेला. माझी खुर्ची मात्र आज नुसतीच होती, घडीबिडी काही नाही, आणि चांगली गार लागत होती. कालच्या बोलण्याचा परिणाम, दुसरं काय. मी ते मुकाट्याने सोसलं.

दत्तोबांनी गजावर दोनदा पंच वाजवला. गाडी डेपोतून निघाली. मी डोळे वटारून संगणकाकडे पाहत होतो, कारण माझ्या उपस्थितीत तो गुन्हा करत नाही, ही एकच आशा उरली होती. गाडी नळ स्टॉपपर्यंत पोचलीच नाही. कर्वे पुतळ्यापाशीच रंग फिसकटले, झाडं आडवी झाली आणि पडदा काळा पडला. मग ती ओळ आली.

सुखदेवरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुला सांगितलं न्हवतं. गाडी न्हाई जायची. ड्रायव्हरच संपलाय."

वैष्णवी उठली. पण तिच्याआधी दत्तोबा उठले. त्यांनी मान तिरपी केली होती.

"सुखदेव, ह्ये घोंगावतंय काय?"

"कम्पुटर हाय त्यो."

दत्तोबा हात पुढे करून आवाजाच्या रोखाने चालत गेले. हात गोधडीला लागला. त्यांनी झालर वर केली, आत पंजा घातला आणि झटकन बाहेर काढला.

"बॉनेटवर गोधडी कुनी टाकली?"

माझ्या पिढीला आठवत असेल, जुन्या बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं फुगीर बॉनेट असायचं. थंडीत पहिल्या फेरीला माणसं त्याच्यावर गाठोडी, घोंगड्या, काय वाटेल ते आणून ठेवायची, उबेला. मग कात्रजच्या चढावर रेडिएटर उकळायचा आणि गाडी बंद पडायची.

"एकोनीस वर्षं घसा फोडला म्या," दत्तोबा म्हणाले. "बॉनेटवरचं सामान उचला, बॉनेटवरचं सामान उचला. आनि तुझ्याच घरात ह्ये. आरं, ड्रायव्हरचा काय दोष न्हाई. गाडी तापलीया."

सुखदेवराव त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.

वहिनी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. "म्या धुळीसाठी घातलं," त्या हळू म्हणाल्या. "रोजच आसतंय. खाकी. तुमच्या युनिफॉर्मच्या पँटी उसवून शिवलंय, दुपदरी. कोनी आलं की काढून ठिवती. पँटीचं कव्हर चार मानसांत बरं दिसतं व्हय? म्हनून मास्तरांसाठी ही नवी केली."

"माझ्या पँटी?" सुखदेवराव म्हणाले.

"मग काय शेजाऱ्याच्या?"

"आणि ते खाकी कव्हर आठवडाभर कुठे होतं, काकू?" वैष्णवीने विचारलं, पण ती बघत माझ्याकडे होती.

वहिनींनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं.

"बेल वाजली की घाईनं काढायची, आनि भाऊंच्या बुडाखाली द्यायची. गरम गरम."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दत्तोबांनीसुद्धा, अंदाजाने.

"नाव उकिडवे," वैष्णवी म्हणाली, "आणि आठवडाभर पुराव्यावर मांडी घालून."

मी वही काढली आणि 'उष्णता निर्दोष' यावर काट मारली. दोन रेघा ओढलेल्या असताना काट मारण्याची ही माझी पहिलीच वेळ.

"आता धा मिन्टं हुभी करा," दत्तोबांनी हुकूम सोडला. "आनि पानी घाला."

मी ताबडतोब तांब्या उचलला.

"पाणी नको!" वैष्णवी ओरडली आणि तिने तो माझ्या हातून काढून घेतला.

मग ते पाणी मीच प्यायलो आणि उभा राहून सुखदेवरावांना म्हणालो, "माझा कालचा अहवाल मी मागे घेतो. त्यातला ड्रायव्हर म्हणजे संगणकातली एक व्यवस्था, तुम्ही नव्हतात, हे सांगायचं राहिलं. आणि असतात, तरी तसं लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. माझं चुकलं." असं वाक्य मी नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं. ते बोलायला फार वेळ लागत नाही, असं आढळलं.

"आवो साहेब, चालायचंच," ते म्हणाले. त्यांनी पेटीवरची गोधडी काढली, झटकली, दुमडली आणि आपल्या खुर्चीवर अंथरली. "ड्रायव्हरच्या सीटवर बरी दिसती का ग?"

वहिनी आत गेल्या आणि बराच वेळ चहाची भांडी वाजवत राहिल्या.

पावणेपाचला दत्तोबांनी पुन्हा डबल बेल दिली. पुन्हा डेपोपासून. पेटी उघडी होती आणि शांत होती. दत्तोबांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, पण गिअरच्या आणि ब्रेकच्या आवाजावरून ते बरोबर ओळखत होते. "पुतळा, चला, पुतळावाले." नळ स्टॉप आला, तेव्हा मी पुन्हा खुर्चीचे हात घट्ट धरले. गाडी सिग्नलला थांबली, सिग्नल सुटला आणि ती पुढे गेली. डेक्कन. टिळक रोड. स्वारगेटला दत्तोबांनी सवयीने "पुढं सरका, पुढं सरका," म्हटलं आणि मी खरोखरच खुर्ची पुढे सरकवली. बालाजीनगरनंतर दत्तोबा पंच हातात घट्ट धरून बसले.

कात्रज आलं. त्यांनी एकदाच पंच वाजवला. गाडी थांब्याला लागली, सुखदेवरावांनी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली.

"काय म्हनतंय?" दत्तोबांनी विचारलं.

सुखदेवरावांनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. "नवीन ड्रायव्हर उपलब्ध आहे. जुना ड्रायव्हर काढून नवीन बसवायचा का? होय. नको."

तांत्रिकदृष्ट्या 'होय' हेच योग्य होतं. वैष्णवीने तसं सांगायला तोंड उघडलंही. मी तिचा हात दाबला. माझ्या साऱ्या कारकिर्दीत वेळेवर घेतलेला अचूक निर्णय तेवढा हा एक आहे.

"नको म्हनाव," दत्तोबा म्हणाले. सुखदेवरावांनी 'नको' दाबलं. मग दत्तोबांनी हात लांबवून खिडकीचा गज चाचपला आणि परतीच्या फेरीची डबल बेल दिली.